नवं स्ट्रीमिंग अ‍ॅप रोज रात्री अडकतंय? प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ शब्दशः सारखी असते. नवं अ‍ॅप घेतलं, दुपारी चालवून बघितलं, चित्र स्वच्छ, आवाज उत्तम. रात्री जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसले की नऊ-साडेनऊच्या सुमारास गोल चक्र फिरायला लागतं. राउटर बंद करून चालू केला की एखादा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर आकडा भरपूर. नेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे, अ‍ॅपचं मदतकेंद्र म्हणतं तुमचं नेट तपासा. शेवटी वैतागून कोणीतरी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून टाकतं. बिल वाढतं, अडकणं तसंच राहतं.

आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. सुरुवातीलाच एक सांगतो: प्लॅनचा वेग हे कारण क्वचितच असतं. नेटफ्लिक्स स्वतःच्या मदतपानावर ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे असल्याचं सांगतं. बाकीच्या सेवांची गरजही साधारण ह्याच पट्ट्यातली. म्हणजे ४० एमबीपीएसच्या लाइनवर दोन टीव्ही ४केमध्ये चालायला हवेत. चालत नसतील तर वेग वाटेत कुठेतरी गळतोय. ती जागा सापडेपर्यंत पैसे खर्च करू नका.

नेमकं काय बिघडतंय ते आधी बघा

‘अडकतंय’ ह्या एका शब्दात चार वेगळे बिघाड लपलेले असतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

चक्र फिरतं आणि चित्र थांबतं, तेव्हा डेटा वेळेवर पोहोचत नाहीये. चित्र थांबत नाही पण धुरकट होतं, चेहरे चौकोनी तुकड्यांचे दिसतात, तेव्हाही डेटाच कमी पडतोय. फक्त अ‍ॅपने थांबण्याऐवजी हलक्या दर्जाचं चित्र मागवलंय. चक्र अजिबात दिसत नाही, चित्रही स्वच्छ आहे, पण कॅमेरा आडवा फिरला की धक्के बसतात, तर तो नेटचा दोष नाही. टीव्ही किंवा स्टिकची (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचतात ते छोटं स्ट्रीमिंग उपकरण) अडचण आहे. आणि अ‍ॅप उघडतच नाही, एरर कोड येतो, तर तो चौथा प्रकार.

पहिले दोन प्रकार समजायला आतली रचना थोडी माहीत हवी. ऑनलाइन व्हिडिओ सलग धारेसारखा येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अशा अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. अ‍ॅप पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवतं. हा साठा म्हणजे बफर. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे: महापालिकेचं पाणी मधूनच येत असलं तरी टाकीत साठा असेपर्यंत नळाला धार सलग असते. साठा उतरायला लागला की अ‍ॅप हलका तुकडा मागवतं, म्हणून चित्र धुरकट होतं. साठा संपला की चक्र. त्यामुळे सरासरी वेग कितीही असो, मधेच दहा-वीस सेकंद पुरवठा तुटला तर अडकणारच. स्पीड टेस्ट हे दाखवत नाही, कारण ती थोडाच वेळ चालते आणि तुम्ही ती बहुतेक राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर करता. टीव्ही मात्र तिकडे भिंतीपलीकडे असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला

हे सगळं रात्री, अडकत असतानाच करायचं. सकाळी केलेल्या तपासणीचा काही उपयोग नाही.

त्याच टीव्हीवर यूट्यूब लावा, ४के किंवा १०८०पीचा लांबलचक व्हिडिओ. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा पर्याय मिळतो, तो चालू करा. पडद्यावर आकडे येतील. त्यातला ‘बफर हेल्थ’ बघा. किती सेकंदांचा साठा हाताशी आहे ते तो सांगतो. साठा टिकून असेल तर टीव्हीपर्यंतची वाट बरी आहे. शून्याकडे घसरत असेल तर दोष घरात किंवा तुमच्या लाइनमध्ये आहे, नव्या अ‍ॅपला बोल लावू नका.

यूट्यूब नीट चाललं आणि नवं अ‍ॅपच अडकलं, तर तेच अ‍ॅप त्याच वायफायवर मोबाइलमध्ये लावा, टीव्हीशेजारी बसून. मोबाइलवर सुरळीत चाललं तर संशय टीव्हीवर किंवा स्टिकवर. मोबाइलवरही अडकलं तर टीव्हीला मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. सिम तुमच्या ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असेल तर उत्तम. हॉटस्पॉटवर सुरळीत चाललं तर तुमच्या नेट कंपनीकडून त्या सेवेपर्यंतचा रस्ता रात्री तुंबतोय. हॉटस्पॉटवरही अडकलं, आणि ते मोबाइल नेट इतर गोष्टींना ठीक आहे, तर त्या सेवेचंच काहीतरी बिनसलंय.

तीन अदलाबदली, अर्ध्या तासाचं काम. मग खालचा जो भाग तुम्हाला लागू पडेल तो वाचा.

वायफाय: सर्वात जास्त घरांतलं कारण

राउटर बंद-चालू केल्यावर तात्पुरतं बरं का वाटतं, ह्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे आहे. वायफाय दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल, म्हणजे लहरींच्या गल्ल्या आहेत, पण एकमेकांवर न चढणारी फक्त तीनच: १, ६ आणि ११. एका इमारतीत वीस-पंचवीस राउटर असले तर ते सगळे ह्या तीन गल्ल्यांत गर्दी करतात. राउटर ‘ऑटो’वर असेल तर चालू होताना आजूबाजूला बघून त्यातल्या त्यात मोकळं चॅनेल पकडतो. पुढे शेजारचे राउटरही जागा बदलतात, तुमचं चॅनेल पुन्हा भरतं. बरेचसे राउटर स्वतःहून पुन्हा शोध घेत नाहीत. दुपारी लोक घराबाहेर, गर्दी नाही. रात्री सगळे घरी. म्हणून त्रास रात्रीचाच. ह्याच पट्ट्यात मायक्रोवेव्हही गोंधळ घालतो. जेवण गरम करायला ठेवलं की नेमकं अडकत असेल तर नवल वाटू देऊ नका.

उपाय म्हणजे टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे चॅनेल जास्त, शेजाऱ्यांची लुडबुड कमी. राउटर दोन नावं दाखवत असेल तर शेवटी ‘५जी’ लिहिलेलं निवडा. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. मर्यादा एवढीच की ह्या लहरी भिंतींपुढे लवकर हार मानतात. फ्लॅटमधली एखादी विटांची भिंत चालते. आरसीसीची भिंत, बाथरूमच्या टाइल्स, मोठा आरसा, लोखंडी कपाट मध्ये आलं की जोर घटतो. कोकणातल्या जांभ्याच्या किंवा देशावरच्या काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात तर पलीकडच्या खोलीतही सिग्नल रडतखडत पोहोचतो.

इथे एक छुपा खेळ आहे आणि तो ओळखायला लोकांना फार वेळ लागतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर टीव्ही स्वतःच्या मर्जीने जोडला जातो. वीज जाऊन आली की बऱ्याच राउटरमध्ये २.४ आधी जागा होतो, ५ मागाहून. टीव्ही पहिला दिसेल तो पकडतो आणि तिथेच चिकटून बसतो. जिथे लाइट वारंवार जाते तिथे म्हणूनच ही तक्रार पुन्हा पुन्हा उगवते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ते ब्राउझरमध्ये उघडतं) जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये २.४ वालं नाव ‘फरगेट’ करा, म्हणजे टीव्ही तिकडे परत जाणारच नाही. पानाचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतो. कंपनीने ते पान बंद करून ठेवलं असेल तर टेक्निशियनला फोन करून हेच काम करून मागा. त्याच्यासाठी ते पाच मिनिटांचं आहे.

टीव्ही जुना किंवा स्वस्तातला असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, असंही होतं. तेव्हा, आणि खरं तर शक्य असेल त्या प्रत्येक घरात, माझा सल्ला एकच: राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाका. दहा-पंधरा मीटरची कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल दाराच्या चौकटीवरून फिरवली की वायफायचा प्रश्नच मिटतो. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यावरून काहीजण नाक मुरडतात. पण ४केला १५ लागतात, आणि केबलवरचे १०० रात्री दहा वाजताही १००च राहतात. आई-वडील एकटे राहतात अशा घरात मी वायफायच्या सेटिंगच्या वाटेलाच जात नाही, थेट केबल टाकायला सांगतो. त्यांना रोज रात्री कोणाला फोन करून विचारावं लागू नये, हे जास्त महत्त्वाचं.

स्टिक वापरत असाल तर ती टीव्हीच्या पाठीमागे धातूच्या पत्र्याला चिकटून असते. खोक्यात एक बोटभर एचडीएमआयची जोडकेबल येते, ती बहुतेक घरांत खोक्यातच पडून राहते. ती लावा, स्टिक पत्र्यापासून लांब येते आणि सिग्नल सुधारतो. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका. जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, तो अपुरा पडला की स्टिक मधेच स्वतःच बंद-चालू होते. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा.

संध्याकाळची अपलोडची गर्दी

हे कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑफिसमधून आलं की प्रत्येकाचा फोन घरच्या वायफायला जोडला जातो, चार्जिंगला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करतो. दारावरचा कॅमेरा आपलं चित्रण अखंड वर पाठवत असतो. ही सगळी वर जाणारी वाहतूक. व्हिडिओ खाली येतानाही टीव्हीला ‘तुकडा मिळाला, पुढचा दे’ असे छोटे निरोप वर पाठवावे लागतात. वरची वाट भरलेली असली की ते निरोप राउटरच्या रांगेत तिष्ठत राहतात आणि खाली येणाऱ्या डेटाचा वेग कोसळतो. फायबरच्या ज्या प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड सारखे आहेत तिथे हे कमी जाणवतं. ज्या लाइनवर अपलोड पाच-दहा एमबीपीएसच मिळतो तिथे एका फोनचा बॅकअपही पुरतो. अडकत असताना घरातले सगळे फोन दहा मिनिटं विमान मोडवर टाकून बघा. फरक पडला तर फोटोंचा बॅकअप वायफाय बंद करून थांबवण्यापेक्षा त्याच्या सेटिंगमधूनच थांबवा आणि झोपताना चालू करा.

बाकी सगळं चालतं, नवं अ‍ॅपच अडकतं

नव्या सेवांच्या बाबतीत हे खरोखर घडतं आणि त्यात तुमचा काहीही दोष नसतो. नेटफ्लिक्सने २०१२ पासून स्वतःच्या साठवणुकीच्या पेट्या, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, नेट कंपन्यांच्या यंत्रणेतच बसवायला सुरुवात केली. गूगलच्याही तशाच पेट्या असतात. त्यामुळे यूट्यूबचा गाजलेला व्हिडिओ तुमच्या घरी येताना अनेकदा तुमच्या नेट कंपनीच्या आवाराबाहेर जातच नाही. नव्या, लहान सेवेकडे अशी सोय नसते. ती भाड्याच्या सर्व्हरवरून पाठवते, आणि तो डेटा दोन कंपन्यांच्या जोडरस्त्यावरून येतो. रात्री नऊनंतर तो जोडरस्ता भरतो. स्पीड टेस्ट मात्र बहुतेक वेळा जवळच्या, कधीकधी तुमच्याच कंपनीच्या सर्व्हरशी होते, म्हणून तिचा आकडा भरभक्कम. नेटवाला आणि अ‍ॅपवाला दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. तुंबलेला भाग त्यांच्या मधला असतो.

तुमच्या हातात इथे एक गोष्ट आहे: डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. ‘नेट फास्ट होतं’ असं ऐकून बऱ्याच जणांनी राउटरमध्ये १.१.१.१ घालून ठेवलेलं असतं. व्हिडिओ सेवा तुम्हाला कुठल्या शहरातला सर्व्हर द्यायचा हे काही वेळा डीएनएसची विचारणा कुठून आली त्यावरून ठरवते. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ तुमचा ठावठिकाणा पुढे कळवत नाही. खाजगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण त्यामुळे पुण्यात बसलेल्या माणसाला मुंबईऐवजी लांबचा सर्व्हर मिळू शकतो. गूगलचं ८.८.८.८ तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे देतं, त्यामुळे त्यात ही अडचण कमी येते. म्हणून डीएनएस आधी ‘ऑटोमॅटिक’वर आणून एक रात्र बघा, मग ८.८.८.८ घालून एक रात्र. ह्याने सुटलं नाही तर मार्ग तक्रारीचा. तो शेवटी लिहिलाय.

टीव्हीचा किंवा स्टिकचा दोष

चक्राशिवाय धक्के बसत असतील तर दोन शक्यता. एक, नवी सेवा चित्र एचईव्हीसी किंवा एव्ही१ ह्या नव्या पद्धतीने दाबून पाठवतेय आणि जुन्या टीव्हीत ते उलगडणारी चिप नाही. अ‍ॅपमध्ये दर्जा ७२०पीवर आणून बघा. धक्के थांबले तर हेच. दोन, आपल्या मालिका सेकंदाला २५ चित्रांच्या, सिनेमे २४ चे, आणि स्टिक मात्र टीव्हीला ६० पाठवत असते. ६० ला २४ किंवा २५ ने नीट भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि कॅमेरा फिरताना डोळ्याला खटकतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ अशा नावाचा पर्याय शोधून चालू करा. अ‍ॅपने साथ दिली तर फरक लगेच दिसतो.

टीव्ही रिमोटने ‘बंद’ केला तरी तो बहुधा झोपलेला असतो, बंद नसतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की मेमरी भरते. सेटिंगमधून खराखुरा रीस्टार्ट द्या, न वापरलेली अ‍ॅप काढा आणि नव्या अ‍ॅपची ‘कॅशे’ (त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फायली) पुसा. ‘डेटा’ पुसलात तर पुन्हा लॉगिन करावं लागेल.

अ‍ॅप उघडतच नसेल तर आधी टीव्हीचं घड्याळ बघा. लाइट गेल्यावर काही टीव्हींची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. परदेशात राहून इथल्या मराठी सेवा बघणाऱ्यांना एरर येतो तो बहुधा हक्कांचा असतो: कार्यक्रम त्या देशासाठी घेतलेलाच नसतो. भारतात असून तसाच संदेश आला तर उपकरणात व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्या देशात आहात असं भासवू शकणारी सेवा) चालू राहिलंय का ते पाहा.

आणि चित्र कायमच, दिवसासुद्धा, ४८०पीच्या वर जात नसेल तर तो परवान्याचा प्रश्न आहे. चोरी टाळण्यासाठी बऱ्याच सेवा गूगलचं वाइडवाइन कुलूप वापरतात. उपकरण एल१ दर्जाचं असेल तरच एचडी, एल३ असेल तर अनेक सेवा कमी दर्जाच देतात. स्वस्त प्रोजेक्टर आणि बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स हमखास एल३ निघतात. सेटिंग बदलून हे सुटत नाही, प्रमाणित स्टिक लावावी लागते.

ट्रायल चालू असतानाच ठरवा

मोफत ट्रायल मिळाली असेल तर त्यातली एक शुक्रवारची किंवा रविवारची रात्र ह्या तपासणीला द्या. सेवा क्रिकेट दाखवत असेल तर मोठ्या सामन्याची रात्र सर्वात उत्तम. पूर्ण वर्षाचे पैसे त्याआधी भरू नका, सवलत कितीही मोठी दिसली तरी.

ट्रायल घेताना एक-दोन रुपये कापून ऑटोपे सुरू होतो. अ‍ॅप टीव्हीतून काढून टाकलं की तो थांबतो असा समज आहे, तो चुकीचा. यूपीआयने दिला असेल तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करा, प्ले स्टोअरमधून घेतला असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमधून. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो एसएमएस न वाचता पुसू नका, थांबवण्याची ती शेवटची संधी असते.

तक्रार अशी लिहा की टोलवता येणार नाही

‘नेट स्लो आहे’ असं कळवलंत तर ‘राउटर रीस्टार्ट करा’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी लिहा: अमुक तारखांना रात्री ९ ते ११, टीव्ही लॅन केबलने जोडलेला, यूट्यूब ४के सुरळीत, ह्या सेवेचं अ‍ॅप अडकतं, त्याच वेळी त्याच टीव्हीवर दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवर ते सुरळीत चालतं. पडद्याचे फोटो जोडा. एवढं वाचल्यावर समोरच्याला ते वरच्या तांत्रिक टीमकडे पाठवावंच लागतं. नेट कंपनीकडून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्याच. तक्रार न सुटता बंद केली तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांत ती सोय आहे. हाच मजकूर स्ट्रीमिंग सेवेलाही पाठवा, त्यात तुमच्या नेट कंपनीचं नाव आणि शहर घाला. जोडरस्ता रुंद करायचा की जवळ पेटी बसवायची हे त्या दोघांनी मिळून ठरवायचं असतं, आणि एकाच शहरातून, एकाच कंपनीच्या ग्राहकांकडून अशा नेमक्या तक्रारी आल्या तर ते लवकर ठरतं. इमारतीत हेच अ‍ॅप वापरणारे आणखी कोणी असतील तर त्यांनाही स्वतःच्या नावाने वेगळी तक्रार नोंदवायला सांगा.